पियुषचा जपानी मासा

माझा धाकटा भाऊ पियुष बारा दिवस जपानला जाऊन आला, त्याला यंदा तेरा वर्षं झाली. बारा दिवसांत फार तर लेकराचं नाव ठेवून होतं. पियुष तेवढ्यात जपानी होऊन आला.

नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात तो मेंटेनन्स मॅनेजर आहे. कारखान्याने जपानी माग घेतले, ते बिघडले तर काय करायचं हे शिकायला चौघांना पाठवलं. तिघे परत आले आणि कामाला लागले. हा परत आला तो चपलांचं शास्त्र घेऊन. दाराबाहेरच्या वेगळ्या, घरातल्या वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या. त्याच्या धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये शिरताना मला अजूनही दरवेळी कुठली तरी चप्पल चुकते आणि तो माझ्या पायांकडे बघतो. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून देतो. माझ्या नवऱ्यालाही दिलं. ज्या भाऊजीच्या सायकलच्या दांड्यावर बसून यानं कुहीचा बाजार पाहिला, त्या भाऊजीला कार्ड. एकदा तर तर्री-पोहे काड्यांनी खायला बसला होता. तर्री कोपरापर्यंत ओघळली तेव्हा कुठे चमचा मागितला.

मी शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं झाली, त्यातली बरीच चौथीच्या वर्गावर. खोटं बोलणारं पोर मला बसल्या जागेवरून ओळखू येतं. पियुष खोटं बोलत नाही, एवढं मी मान्य करते. तो खऱ्याला इस्त्री करतो. कुहीच्या पुढे सहा किलोमीटरवर आमचं गाव. तिथं दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर आणि दोन एकर धानाचं वावर. त्याला हा ऑफिसात ‘आमचं फार्महाउस’ म्हणतो. आमचे बाबा, नत्थू, पावसाळ्यात धान लावायचे आणि उन्हाळ्यात तळ्यात उतरून मासे धरायचे. त्याला हा म्हणतो, ‘फादरला फिशिंगची आवड होती.’ आवड! गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून राहून ज्याच्या पायाची नखं गळाली, त्या माणसाची म्हणे आवड.

बाबा गेले त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर आमची आई, तुळसाबाई, धरमपेठेत पियुषकडे राहायला आली. येताना तिनं चार लुगडी, बाबांचा फोटो आणि पत्र्याच्या डब्यात वाळवलेले झिंगे आणले. झिंगे म्हणजे तळ्यातली बोटाच्या पेराएवढी कोळंबी. उन्हात कडक वाळवली की वर्षभर पुरते. तव्यावर कोरडे भाजायचे, लसूण आणि लाल मिरचीबरोबर रगडायचे, की भाकरीला दुसरं काही लागत नाही. वांग्यात टाकले तर वांग्याचं भाग्य उजळतं. वास मात्र येतो. दोन मजले खाली कळतं की वर कोणाकडे तरी झिंगे भाजले. ज्यांना आवडतो त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, बाकीचे खिडक्या लावून घेतात.

धरमपेठेत आल्यावर वर्षाच्या आत आईचे झिंगे बंद झाले. कसे झाले, कोणी केले, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? ज्या घरात संडासाच्या चपलेला नियम आहे, त्या घरात झिंग्यांचं काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. आई कधी तक्रार करत नाही, ताटात येईल ते खाते. पण मी अकरा वर्षं हे मनात धरून होते. भावाकडे गेले की त्याच्या गॅसवरची चिमणी बघून माझं डोकं फिरायचं. एवढी मोठी चिमणी, बैल शिजवला तरी धूर ओढून घेईल अशी, आणि खाली शिजतं काय, तर ओट्स.

फ्लॅट चांगला आहे, खोटं कशाला बोलू. हॉल मोठा, सोफा भारी, खिडकीतून झाडं दिसतात. माझ्या हर्षाला पाहायला पहिलं स्थळ आलं, ते मी याच हॉलमध्ये बोलावलं होतं. आमचं मानेवाड्याचं घर गल्लीत, आणि मुलाकडचे सगळे क्लास वन. धरमपेठेचा पत्ता सांगितला की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. पुढे ते जुळलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तर मागच्या महिन्यात एका रविवारी आईचा फोन आला.

“सरिता, मी कुहीले चालली. आता तिकडंच राहीन म्हणते.”

मी हातातलं काम सोडून खाली बसले. शहात्तर वर्षांची बाई. रोज बीपीची गोळी, एक गुडघा कामातून गेलेला. गावच्या घरी सोबत म्हणाल तर शेजारची कौशल्या मावशी, ती हिच्याहून दोनच वर्षांनी लहान. रात्रीबेरात्री काही झालं तर एकीनं दुसरीला हाक मारायची, आणि दुसरीला ती ऐकू जायची नाही.

“काहून वं? काय झालं?”

“काही नाही झालं.”

“पियुष काही बोलला का?”

“थो काय बोलन? गरीब आहे थो बिचारा.”

बिचारा! मॅनेजर आहे, गाडी आहे, जपान पाहून आला, आणि बिचारा. मला जे समजायचं ते मी समजले.

संध्याकाळी बिचाऱ्याचाही फोन आला. ऑफिसच्या लोकांशी तो पुण्याची मराठी बोलतो, माझ्याशी मात्र घरची. “ताई, बुधवारी जेवायले ये. मयुरा पोराले घेऊन माहेरी गेली आहे, आपण तिघंच आहो. आईले समजावू. मी मासे करतो तिच्यासाठी. जपानी स्टाइल.”

आम्हाला वार पाळायचे नसतात, पण नागपूरचा बाजार पाळतो. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे-मटणाचे दिवस. तेवढं तरी त्याच्या ध्यानात राहिलं म्हणायचं. पण अकरा वर्षं म्हातारीला हवं ते खाऊ द्यायचं नाही आणि ती निघाली म्हटल्यावर एका संध्याकाळी मासा खाऊ घालून थांबवायचं, याला आमच्याकडे म्हणतात पी हळद आणि हो गोरी. मी जायचं ठरवलं. आईला थांबवायचं होतंच, आणि याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनवायचे होते. खरं सांगायचं तर दुसऱ्या गोष्टीसाठी मी जास्त उत्सुक होते.

साडेसहाला पोचले तर पार्किंगमध्येच पियुष भेटला. एका हातात पातीचा कांदा, दुसऱ्या हातात पांढऱ्या तिळाची पुडी. अंगावर स्वयंपाकाचा अॅप्रन. तोच घालून चौकातल्या दुकानात गेला होता. अॅप्रनवर जपानी अक्षरं होती.

“काय लिहिलं आहे गा?” मी विचारलं.

“माहीत नाही. पण चांगलंच असन.”

लिफ्टमध्ये त्यानं मला माशाचं शास्त्र सांगितलं. मासा म्हणजे सॅमन. मी सालमन म्हटलं तर म्हणाला, ल उच्चारायचा नाही. धरमपेठेतल्या एका फ्रोजनच्या दुकानातून त्यानं चार जाड तुकडे आणले होते, आणि बर्फ सुटायला ते किचनमध्ये ताटात ठेवून तो खाली आला होता. मासा नॉर्वेचा, रीत जपानची, खाणारी कुहीची.

“यात काही करायचंच नसते, ताई. तेच तं सीक्रेट आहे. माशाले त्रास द्यायचा नाही. कागदानं टिपायचा, कातडीच्या बाजूनं तव्यावर ठेवायचा अन् हात मागं घ्यायचा. मंग सॉस टाकून चमच्यानं वरून सोडत राहायचा, की अशी चकाकी येते, आरशासारखी. जपानी माणूस माशाचा मान ठेवते.”

माशाचा ठेवतो, मी मनात म्हटलं. आईचं काय?

दार उघडून, चपलांची अदलाबदल करून आम्ही किचनमध्ये गेलो. आई ओट्याशी उभी होती. तिनं पदर खोचला होता आणि तिच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान होतं.

ताटात माशाचे चार तुकडे नव्हते. बारा होते. कातडी सोलून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. बाराही तुकड्यांना हळद, मीठ आणि ज्वारीचं पीठ चोळलेलं होतं, आणि ते पिवळेधमक होऊन एका ओळीत बसले होते.

“धुवून ठेवले,” आई म्हणाली. “लय रंग लावला होता मेल्यानं. तीन पाण्यात धुतले तरी जाईना. आता हळद लावली तं दिसत नाही.”

याच्यात आईची काय चूक? आमच्याकडचा मासा तळ्यातला. त्याला चिखलाचा वास असतो. हळद, मीठ आणि पीठ चोळून दोन-तीनदा धुतल्याशिवाय मासा चुलीवर चढवणारी बाई आमच्या गावात फूहड, म्हणजे गबाळी, समजली जाते. त्यात बाजारात शिळ्या माशाच्या कल्ल्यांना लाल रंग लावून ताजा म्हणून विकणारे भामटे सगळ्यांनी पाहिलेले. मुळातच नारिंगी असलेला मासा कुहीच्या बाईनं जन्मात पाहिला नव्हता. तिला वाटलं, पोरगा फसला. आणि एवढा जाड तुकडा आतून शिजणार नाही हे तर लहान पोरही सांगेल, म्हणून एकेकाचे तीन-तीन केले. पोरगा जपानहून शिकून आला, पण आई तळ्यावरून शिकून आली होती.

पियुष टिपकागदाचा रोल हातात घेऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. आता हा ओरडणार, याची मी वाट पाहत होते, ते मला हवंच होतं. तो आईला लागेल असा एक शब्द बोलला असता, तर मी अकरा वर्षांचा हिशेब तिथंच ओट्यावर मांडला असता.

त्यानं एक तुकडा नळाखाली धरला. लग्नातली हळद आठ दिवस अंगावरून जात नाही, ती नळाखाली काय जाईल? त्यानं नळ बंद केला.

“असू दे,” म्हणाला. “चांगलं केलं, आई. माह्या ध्यानातच नव्हतं.”

बहीण समोर आहे म्हणून शहाणपणा चालला आहे, असं मी धरलं.

मग त्यानं सॉस केला. एका वाटीत सोया सॉस, मध, किसलेलं आलं, ठेचलेला लसूण. मिरीन म्हणून एक गोड जपानी दारू लागते, ती त्याला मिळाली नाही, तिच्याऐवजी साखर आणि व्हिनेगर. आई शेजारी उभी राहून नीट बघत होती.

“का गा, मासोईत साखर?”

“त्यानंच चकाकी येते, आई.”

“अन् तिखट?”

“नाही टाकत.”

“सांभार तरी?” आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात.

“तोही नाही. वरून पातीचा कांदा अन् तीळ.”

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. “जपान म्हंजे बुद्धाचा देश,” ती म्हणाली. “असन काही त्याईचं कारण.”

कातडी नाही, त्यामुळे कातडीची बाजूही नाही. तुकडे तव्याला चिकटले, उलटताना मोडले. ज्वारीचं पीठ सुटून सॉसमध्ये गेलं आणि सॉसचं पिठलं व्हायला लागलं. माशाला त्रास द्यायचा नाही म्हणणारा माणूस उलथनं घेऊन त्याला खरवडत होता. तरी खोटं बोलणार नाही, शेवटी चकाकी आली. पण हळदीवर सोया सॉस चढला की जो रंग होतो, त्याला मराठीत शब्द नाही, आणि नसलेलाच बरा.

भातसुद्धा जपानी होता, चिकट, गोळ्यासारखा. त्याची पिशवी दुकानातून वेगळी आणलेली. ओट्याखाली आमच्या स्वतःच्या वावरातल्या तांदळाचं पोतं तोंड बांधून उभं होतं. आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही, मी मात्र पाहिलं आणि हिशेबात जमा केलं.

आम्ही टेबलावर बसलो. पियुषनं आधी काड्या मांडल्या, मग स्वतःच उचलून चमचे ठेवले. आईनं भाताचा गोळा हातानं फोडला, त्यावर माशाचा तुकडा घेतला आणि सावकाश खाल्ला. पियुष तिच्या तोंडाकडे बघत होता. चौथीतलं पोर पाटी दाखवून जसं उभं राहतं तसा.

“चांगला आहे,” आई म्हणाली. “गोड आहे. सणासुदीले करजो.”

तिनं तीन तुकडे खाल्ले. टाकायचं काही नाही, हा तिचा जुना नियम आहे. मीही खाल्ला. खोकल्याच्या औषधात बुडवलेली बेसनाची पाटोडी कशी लागेल, तसा लागला. पियुष मात्र एकही तुकडा न खाता भात चिवडत होता. मग त्यानं चमचा खाली ठेवला.

“आई, नको ना जाऊ. तुले इथं काय कमी आहे ते सांग. मी शिकतो. दर बुधवारी मासे आणतो. पुढच्या वेळी साखर नाही टाकत.”

त्याचा आवाज जरा ओला झाला होता. मला काडीची दया आली नाही. माझी वेळ आली होती.

“दर बुधवारी कशाले आणतं?” मी म्हणाले. “नॉर्वेचा मासा पाहिजे का तिले? अकरा वर्षं झाली, आईनं या घरात झिंगे भाजले नाहीत. तुले माहीत आहे ना तिचा जीव कशात आहे ते? तुह्या चिमणीले वास लागते, सोफ्याले वास लागते, बिल्डिंगमधले लोक काय म्हणतीन. बापानं ज्या झिंग्यावर तुले लहानाचा मोठा केला, त्याची तुले लाज वाटते. अन् जपान्याची मासोई आणून तिचा मान ठेवून राहिला. मान ठेवायचा होता तं एक दिवस तिचा तवा तिले तापवू द्यायचा होता. ती काहून जाऊन राहिली हे तुले अजून नाही समजलं का?”

बरं वाटलं. अकरा वर्षांचं एका दमात निघालं. पाठ केलेल्या कवितेसारखं एकही शब्द न अडखळता निघालं, कारण ते मी इतक्या वेळा मनात म्हटलेलं होतं.

पियुष माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो गोंधळला होता.

“झिंगे? मी कधी नाही म्हटलं, ताई?”

“मंग कोणी म्हटलं?”

“मले वाटलं आईनंच सोडले. डॉक्टरनं बीपीसाठी मीठ कमी सांगितलं होतं नं. मी तं दोनदा आणले होते इतवारीच्या बाजारातून. आईनं कामवालीले देऊन टाकले. मी म्हटलं, नसन खायचे.”

मी हसले. खोटं बोलणारं पोर मला ओळखू येतं, असं मी वर लिहिलंच आहे. मी आईकडे वळले. “सांग वं आई, कोणी बंद केले?”

“जाऊ दे ना सरिता. जेव.”

“नाही, सांग. त्याच्या तोंडावर सांग.”

मी वर्गात विचारते तसंच विचारलं. उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं, फक्त ते चारचौघांत वदवून घ्यायचं असतं.

आईनं ताटाच्या कडेचं शित बोटानं टिपलं, तोंडात टाकलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तूच तं म्हटली होती.”

“मी?”

“हर्षाले पाहायले आले होते, त्या दिवशी. मी सकाळी भाकरीसंगं भाजले होते. तू आली, नाकाले पदर लावला. डबा उचलला अन् खाली नेऊन कचऱ्याच्या ढोलात टाकला. वर येऊन म्हटली, आई, हे आता इथं चालणार नाही. तुले काही नाही वाटत, आमची इज्जत जाते.”

ती हे रागानं बोलली नाही. गेल्या वर्षी पाऊस कधी आला ते सांगावं, तसं बोलली.

मला आठवलं. न आठवायला काय झालं होतं? डबा पत्र्याचा, झाकणावर पोपटाचं चित्र, कडेला गंजलेला. हाताला वास लागू नये म्हणून मी तो दोन पॉलिथीनच्या पिशव्यांत घातला होता. मग पडद्यांवर सेंट मारलं, तीन-तीन अगरबत्त्या लावल्या. ते पाहुणे काही परके नव्हते, आमच्यातलेच, भंडाऱ्याकडचे. त्यांच्या आजीनं झिंगे खाल्ले नसतील तर मी नाव बदलीन. तरी मी टाकले. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन चौथीला परिसर अभ्यास शिकवला, आपला आहार, स्थानिक अन्नपदार्थ. पुढे त्या घरात झिंगे दिसेनासे झाले, तेव्हा माझं बोट आपोआप भावाकडे वळलं. ते तिथं शोभत होतं. संडासाच्या वेगळ्या चपला त्याच्या होत्या ना.

आई माझ्याही घरी महिना-महिना येऊन राहिली होती. तिथंही तिनं कधी झिंगे मागितले नाहीत, आणि मीही कधी आणले नाहीत. हे मला आत्ता, त्या टेबलावर बसून, पहिल्यांदा दिसलं.

“कोणता डबा?” पियुषनं हळूच विचारलं. “पोपटाचा? बाबाचा?”

“हाव,” आई म्हणाली. “त्याईनंच वाळवले होते. शेवटच्या उन्हाळ्यात.”

हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला मी थांबलेच कुठे होते? मला तिथं रडू आलं, आणि रडण्याचीही लाज वाटली.

पियुषची पाळी होती. मी त्याच्या जागी असते तर सोडलं नसतं. अकरा वर्षं मी त्याच्या घरात नाक मुरडत आले आणि गेले, त्याच्या कार्डाला, चपलांना, अॅप्रनला हसले, नातेवाइकांत त्याची टिंगल केली. त्यातलं थोडं तरी त्यानं परत करायला हवं होतं. तो उठला, माठातलं पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं आणि परत जागेवर जाऊन बसला. आईला दिसतो तसा, गरीब.

पाणी पिऊन मी आईचा हात धरला. “माह्या घरी चल. कुहीले नको जाऊ. माह्या घरी झिंगे चालतीन. रोज भाज, मी एका शब्दानं काही म्हणणार नाही.”

“इथंही चालतीन, आई,” पियुष घाईनं म्हणाला.

आई आमच्या दोघांकडे बघून हसली. तिनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला नाही.

“तेच तं वं,” म्हणाली. “तुह्या घरी चालतीन, याच्या घरी चालतीन. तुमी दोघंही चांगले आहा. पण कुहीले मले कोणी चालतीन म्हणत नाही. तिथं थे असतेत, बस. मले आता कोणाले विचारून खायाचा कंटाळा आला.”

आईनं उरलेला मासा डब्यात भरला, कौशल्या मावशीला दाखवायला. पियुषनं ताटं घासली.

शनिवारी आम्ही तिला गावी पोचवलं. पियुषनं गाडी चालवली. न्हाणीत धरायला लोखंडी कडी, गुडघ्यासाठी उंच खुर्ची आणि मावशीकडे ऐकू जाईल अशी मोठ्या आवाजाची बिनतारी घंटी, हे सगळं तो घेऊन आला होता आणि हत्यारांची पेटी उघडून दुपारभर बसवत होता. दोन्ही घरांतली घंटी दहा-दहा वेळा वाजवून पाहिली. त्याचं हे काम मी पहिल्यांदाच बघत होते. काम चोख करतो.

मी आदल्या दिवशी इतवारीत जाऊन पत्र्याचा नवा डबा आणि निवडक झिंगे घेतले होते. पोपटाचा डबा मिळाला नाही, साधा घेतला. मावशीच्या चुलीवर आधीच तवा तापलेला होता, अंगणभर वास सुटला होता. आई ओसरीवर बसली होती. मी तो डबा तिच्यासमोर दोन्ही हातांनी धरला, आणि देताना कमरेत वाकले. वाकल्यावर माझ्या लक्षात आलं. मी पियुषकडे पाहिलं. त्यानं पाहिलं होतं, पण तो हसला नाही.

आईनं झाकण उघडून एक झिंगा चावून बघितला.

“दुकानाचे आहेत,” म्हणाली. “ठेव तिथं कोनाड्यात.”